लाकडी दिवा हा वारसा नव्हे काय?

दीपगृह म्हटले की खांदेरी किंवा मुंबईजवळच्या प्रॉंग्जसारखा भक्कम मनोरा डोळ्यांपुढे येतो. लाकडी मनोऱ्यावर किंवा खांबावर लावलेला दिवाही तेच काम करतो. पण तो मोडला, की त्याचे सरपण होते. हे मला पटत नाही.

थोडे गणित करा. तारापूर-चिंचणीचा किनारा सखल आहे, म्हणून दिवा उंचावर हवा. उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला 3.57 ने गुणले, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. 9 मीटर उंचीच्या दिव्यासाठी ते 10.7 येते. होडीतील कोळ्याचा डोळा पाण्यापासून 2 मीटरवर असेल, तर आणखी 5 मिळवा. म्हणजे दिवा पुरेसा प्रखर असल्यास तो सुमारे 16 किलोमीटरवरून दिसेल. आता चौपट उंच, 36 मीटरचा मनोरा बांधा. अंतर होते सुमारे 26 किलोमीटर, दुप्पटही नाही! मासेमारीच्या होड्यांना घरची वाट दाखवायला लहान दिवा पुरतो, तो यामुळेच.

मग त्याला वारसा म्हणायला अडचण कोणती? वयाची. आपल्या 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याला वास्तू निदान 100 वर्षांची लागते. खाऱ्या वाऱ्यात लाकूड इतके टिकणार कसे? खांब कुजतो, नवा उभा राहतो. परंतु सातपाटीच्या होडीची एखादी फळी बदलली, म्हणून ती होडी निराळी होते काय? जपानमधील इसे येथील लाकडी मंदिर तर दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात (अलीकडे 2013 मध्ये बांधले), तरी त्याचे प्राचीनत्व कोणी नाकारत नाही. दिव्याचे खरे मोल त्याच्या जागेत, उंचीत आणि त्याच्या आधाराने होडी हाकण्याच्या ज्ञानात आहे.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर लहान लाकडी दीपगृहे पुष्कळ आहेत. तेथील 2008 च्या कायद्याने 25 प्रौढ रहिवाशांच्या सह्यांच्या अर्जावर दीपगृहाचे नाव सुचवता येई. आपल्याकडेही 2021 च्या कायद्यानुसार केंद्राच्या ताब्यातील कोणतेही नौकानयन-साधन ‘वारसा दीपगृह’ म्हणून जाहीर करता येते. मनोऱ्यांबरोबर लहान दिव्यांचाही विचार व्हावा, असे मला वाटते.

घाई एवढ्यासाठी, की आता उपग्रहावरून जागा कळते आणि वाढवण बंदराची पायाभरणीही 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली आहे. किनारा पालटेल.

तेव्हा शिक्षकांना बरोबर घेऊन आपल्या गावच्या कोळीवाड्यात जा. दिव्याचा खांब असेल, किंवा पूर्वी असेल, तर त्याची जागा नकाशावर मांडा. उभा असल्यास कोनमापक आणि दोरीने उंची काढा. मग एखाद्या वृद्ध तांडेलांना विचारा, की खाडीत शिरताना ते किनाऱ्यावरच्या कोणत्या दोन खुणा एका रेषेत धरीत असत. ती रेषाही नकाशावर काढा.