गिझरचे पाणी उकळू लागले तर?

या महिन्याचा विषय आमच्याच न्हाणीघरातून आला आहे.

यवतमाळ उंचावरचे गाव. डिसेंबर-जानेवारीत फजरच्या वेळी नळाचे पाणी हाताला चावते. आमच्या घरी वयस्कर दादी आहेत, लहान मुले आहेत. त्यामुळे थंडीत पहाटे सगळ्यांच्या आधी कोणी उठत असेल तर तो गिझर. आमचा पंधरा लिटरचा गिझर आता चौदा वर्षांचा झाला. एका पहाटे दादींनी वजूसाठी नळ सोडला. आधी फुर्रकन वाफ आली, मग कढत पाणी. त्यांनी हात झटकन मागे घेतला, तरी दोन बोटांवर फोड आलेच. अल्लाहचे शुक्र की त्या जागी आमचे चार वर्षांचे लेकरू नव्हते.

मग आम्ही गिझर बंद करून जाणकार मिस्त्रीला बोलावले. त्याने झाकण उघडून जे दाखवले ते पाहून आम्हाला आमचीच लाज वाटली. ते काय होते हे सांगण्याआधी गिझरच्या आत काय असते ते पाहू.

तीन पहारेकरी

साठवणीच्या गिझरमध्ये पाणी तापवणारी कॉइल असते आणि तिच्यावर तीन पहारेकरी असतात.

पहिला थर्मोस्टॅट. पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचले की तो वीज तोडतो आणि पाणी निवले की पुन्हा जोडतो. दुसरा कटआउट. थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी उकळीच्या जवळ जाऊ लागले, तर हा वीज तोडतो आणि सहसा आपणहून परत जोडत नाही, बटण दाबावे लागते. तिसरा सेफ्टी व्हॉल्व्ह. पहिले दोन्ही फसले आणि टाकीत दाब वाढला, तर हा वाफ आणि पाणी बाहेर सोडतो.

आमचा थर्मोस्टॅट जळून चिकटला होता, म्हणजे वीज तुटतच नव्हती. त्याआधी उन्हाळ्यात कटआउट वारंवार उडत होता, तेव्हा एका कारागिराने तारेचा तुकडा टाकून तो ‘डायरेक्ट’ करून दिला होता. आम्हीही ‘चालू झाला ना, बस’ म्हणून पैसे दिले होते. आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडून खालचे कपडे भिजतात, म्हणून त्याच्या तोंडाला आम्ही स्वतः बूच लावले होते. तीनपैकी एक पहारेकरी आपल्या मरणाने गेला, दोघांना आम्हीच घालवले. बंद टाकी, वर जायला वाट नाही आणि आत उकळते पाणी. अशीच टाकी फुटते.

पाणी जास्त तापण्याची कारणे

एक, थर्मोस्टॅटची चावी वर फिरवलेली असते. झाकणाखालची ही चावी दुरुस्तीच्या वेळी कोणाच्या तरी हाताने सरकते. ती साधारण 60 अंशांवर असावी.

दोन, थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटलेले असतात किंवा त्याची दांडी आपल्या नळीत नीट बसलेली नसते. अशा वेळी त्याला पाण्याची खरी उष्णता कळतच नाही.

तीन, क्षारांचा थर. आपल्या जिल्ह्यात हे मोठे कारण आहे. यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह धरणांचे पाणी येते, पण उन्हाळ्यात आणि खेड्यापाड्यांत बोअरशिवाय पर्याय नसतो. वणी-राजूरकडे तर जमिनीत चुनखडीच आहे, तिथे चुन्याच्या भट्ट्या चालतात. असे जड पाणी तापले की पांढरा थर कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर बसतो. मग पाणी तापले तरी थर्मोस्टॅटला उशिरा कळते. गिझरमधून खडखड किंवा गुडगुड आवाज येत असेल तर तो याच थराचा समजा. (जिल्ह्यातील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइडही जास्त आढळले आहे. उकळल्याने ते जात नाही, म्हणून गिझरचे पाणी स्वयंपाकाला वापरू नका.)

चार, आपली वापरायची सवय. वजूसाठी घरातल्या पाच-सहा जणांनी थोड्या थोड्या वेळाने एकेक तांब्या पाणी काढले, की दर वेळी तळाशी थंड पाणी शिरते, खाली बसलेला थर्मोस्टॅट कॉइल चालू करतो आणि वरचे आधीच गरम असलेले पाणी आणखी तापते. नळातून येते ते हेच वरचे पाणी. यंत्रात बिघाड नसतानाही पाणी चटके देते ते यामुळे. उपाय सोपा आहे. पाणी तापले की गिझर बंद करा, एका बादलीत सगळ्यांपुरते पाणी कालवून ठेवा आणि त्यातून वजू करा. पाणीही वाचते, वीजही वाचते.

घरच्या घरी तपासणी

झाकण न उघडता दोन गोष्टी पाहता येतात.

पहिली वेळेची. पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.7 युनिट वीज लागते. कॉइल 2 किलोवॅटची असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत पाणी तापून तापवण्याचा दिवा विझायला हवा. पंचवीस लिटरच्या गिझरला पस्तीस-चाळीस मिनिटे धरा. त्याच्या दीडपट वेळ झाली, कोणी पाणी काढलेले नाही आणि तरी दिवा जळतोच आहे, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या आणि गिझर बंद करा. काही गिझरना दोन दिवे असतात. त्यातला एक फक्त वीज आल्याचा असतो, तो विझत नाही. गोंधळू नका.

दुसरी तापमानाची. दिवा विझल्यावर स्टीलच्या भांड्यात पाणी घेऊन स्वयंपाकाच्या थर्मामीटरने मोजा. तापाचे थर्मामीटर त्यात घालू नका, ते एवढ्या उष्णतेसाठी नसते. 65 अंशांच्या वर आकडा गेला तर मिस्त्रीला बोलवा.

झाकण उघडणे, तारा सोडवणे, थर्मोस्टॅट बदलणे ही कामे मिस्त्रीचीच. तो आला की तीन प्रश्न विचारा. कटआउट जागेवर आहे का? सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे का? अर्थिंग लागते का? आणि ‘भाभी, सध्या डायरेक्ट करून देतो’ असे तो म्हणाला, तर चहा पाजून त्याला निरोप द्या. थर्मोस्टॅट आणि कटआउट काही शे रुपयांत मिळतात. आयएसआय चिन्ह पाहून घ्या.

वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, टाकी रिकामी करून थर काढून घ्या आणि आतली मॅग्नेशियमची दांडी झिजली असेल तर बदला. ही दांडी स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. थर जावा म्हणून फरशीचे अ‍ॅसिड टाकीत ओतू नका, त्याने टाकीच खाल्ली जाते. टाकीच झिरपू लागली असेल तर दुरुस्तीचा विचार सोडून नवा गिझर घ्या.

वाफ येऊ लागली तर

नळातून वाफ फुर्रफुर्र येत असेल, तर आधी वीज बंद करा, तीही न्हाणीघराबाहेरच्या मेन स्विचवरून. नळ पुन्हा उघडू नका, गिझरवर थंड पाणी टाकू नका. मुलांना आणि वृद्धांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि दोन-तीन तास टाकी आपणहून निवू द्या. उडालेला कटआउट दाबून पुन्हा चालू करू नका. तो उडाला याचा अर्थ त्याने तुम्हाला वाचवले आहे. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना दोन-चार थेंब पडणे चालते. धार किंवा वाफ येणे चालत नाही. थेंबांखाली डबा ठेवा किंवा नळी लावून ती मोरीत सोडा, पण बूच लावू नका.

60 अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचएक सेकंदांत खोलवर भाजते, 70 अंशांचे त्याहून कितीतरी लवकर. मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ असते. म्हणून बादलीत नेहमी आधी थंड पाणी, मग गरम. भाजलेच तर नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा, अंगठी-बांगडी लगेच काढा. टूथपेस्ट, तूप, शाई, बर्फ काही लावू नका. फोड मोठा असेल, चेहऱ्यावर असेल किंवा लेकरू लहान असेल तर डॉक्टरकडे जा.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आला आहे. मदीनेत रात्री एक घर जळाले. हे कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समजावले की आग ही तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवत जा. तेव्हा घरात चूल आणि दिवा होता. आज भिंतीत बंद केलेली, न दिसणारी आग आहे. आम्ही रात्री गॅसचा कॉक आठवणीने बंद करत होतो, पण ‘फजरला तयार पाणी हवे’ म्हणून गिझर रात्रभर चालू ठेवत होतो. आता तो झोपताना बंद होतो आणि फजरच्या अर्धा तास आधी जो उठेल तो लावतो.

दादींची बोटे बरी झाली. पण अजूनही त्या नळ सोडण्याआधी हाक मारून विचारतात, ‘बेटा, बंद केला ना?’ हा प्रश्न आता आमच्या घरात सगळ्यांच्याच तोंडी बसला आहे. तुमच्याही घरात बसावा. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांची हिफाजत करो. आमीन.