सोमवारचा खाडा

गेटातून आत गेलं की टाइम ऑफिसच्या भिंतीवर एक फळा आहे. महिना बदलला की त्यावर नावं चढतात. वर मथळा असतो : सवयीचे गैरहजर. गेल्या महिन्यात चौदा नावं होती. अकरा आमच्या वस्तीतली. तिसरं माझं.

मी वाचत उभा होतो तर खात्याचा साहेब मागून आला. हसला. म्हणाला, "काय रे कवी, सुटीच्या दुसऱ्या दिवशीच बरा आजारी पडतोस? सुटीत जास्त झाली वाटतं. तुम्हा लोकांचं हे असंच."

तुम्हा लोकांचं. दोस्तांनो, ह्या दोन शब्दांत काय काय भरलंय ते तुम्हाला फोड करून सांगायला नको. जात आहे, दारू आहे, आळस आहे, आणि वर नोकरीवर ठेवल्याचे उपकार आहेत. मी तेव्हा काही बोललो नाही. घरी चार तोंडं आहेत, उधारी आहे, माणूस गिळतो. पण गिळलेलं छातीत अडकतं, आणि माझ्या छातीत आधीच बरंच अडकलेलं आहे. ते काय आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली. तेच आज लिहितोय. कविता पुढच्या अंकाला देईन.

मी सूतगिरणीत ब्लोरूमला आहे. ज्यांनी गिरणी आतून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसाची गासडी फुटते ती इथं. पानाचा चुरा, काडी, माती, सरकीची टरफलं, सगळं कापसातून झटकलं जातं ते इथं. मग कार्डिंग, मग पुढची खाती, शेवटी रिंगला सूत. झटकलेल्या घाणीतली जमिनीवर पडते ती झाडूवाला भरतो. हवेत राहते ती आम्ही भरतो, छातीत. पाळी सुटताना भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. नाकाला बांधायचं फडकं ज्याचं त्यानं घरून आणायचं. ब्लोरूमला, कार्डिंगला आणि झाडलोटीला कोण आहे त्यांची आडनावं एका कागदावर लिहा. गार हवेच्या लॅबमध्ये आणि टाइम ऑफिसात कोण बसतो त्यांची दुसऱ्यावर. मग फळ्यावरची यादी कुठल्या कागदाशी जुळते ते बघा.

आमच्या गिरणीची सुटी शुक्रवारी. म्हणजे आमचा सोमवार शनिवारी येतो. शनिवारी पाळीवर गेलं की दोन-तीन तासांत छातीवर कुणीतरी गुडघा देऊन बसल्यासारखं होतं. श्वास आत जातो, पण बाहेर यायला कुरकुर करतो. अंग कणकणतं. रविवारी जरा कमी. मंगळवारपर्यंत माणूस ठाकठीक. पुन्हा शुक्रवार, पुन्हा शनिवार. ज्या शनिवारी सोसवत नव्हतं त्या शनिवारी मी घरी पडून राहिलो. ते माझे खाडे. मी दारूला शिवत नाही. तरी मला वाटायचं, साहेब म्हणतो तेच खरं असेल. माझ्यातच खोट आहे. सुटी मला मानवत नाही.

मग वाचनालयात एका डॉक्टरी पुस्तकात पान सापडलं. ह्या दुखण्याला नाव आहे : बिसिनोसिस. कापसाच्या धुळीचा आजार. इंग्लंडच्या गिरण्यांतले कामगार ह्याला 'मंडे फिव्हर' म्हणायचे. सोमवारचा ताप. लँकेशायरच्या कापूस गिरण्यांत माणसं तपासून शिलिंग नावाच्या डॉक्टरानं १९५० च्या दशकात ह्याच्या पायऱ्या लावल्या. अर्धी पायरी : सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी कधीमधी छाती आवळते. पहिली : दर आठवड्याला त्या दिवशी आवळते. दुसरी : त्या दिवशी आणि बाकीच्याही दिवशी. तिसरी : दम कायमचा कमी झाला. मग सुटी घ्या नाहीतर नोकरी सोडा, गेलेला दम परत येत नाही.

ते पान वाचून मी रडलो. सांगायला लाज कसली?

आणखी एक गोष्ट त्या पानावर होती, ती नीट ऐका. दगडाच्या धुळीनं सिलिकोसिस होतो त्याचे डाग एक्स-रेत दिसतात. आमच्या आजाराचा स्वतःचा असा ठसा एक्स-रेत उमटत नाही. डॉक्टरानं विचारावं लागतं की कुठल्या खात्यात आहेस, छाती कुठल्या दिवशी आवळते. पाळीच्या आधी आणि पाळीनंतर यंत्रात फुंकायला लावून दम मोजावा लागतो. म्हणजे आजाराची पहिली खूण आहे वार. आणि वार कुठं लिहिलेला असतो? टाइम ऑफिसात. ज्या मस्टरवरून आम्हाला कामचुकार ठरवतात, तेच मस्टर आमच्या आजाराचा कागद आहे. साहेबानं त्यात दारू वाचली. त्याला वाचता येत नाही, एवढंच.

आता कायद्याचं बघा. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात धंद्यामुळं होणाऱ्या आजारांची यादी जोडलेली होती. कापसाच्या धुळीचा आजार त्या यादीत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन चार संहिता आल्या, त्यातही अशी यादी आहे. मग आमच्या भागात किती जणांना ह्याची भरपाई मिळाली? मला अजून एक माणूस भेटायचाय. कामगार विम्याच्या दवाखान्यात गेलो तर डॉक्टर मान वर न करता खोकल्याच्या गोळ्या लिहितो. खातं विचारत नाही. वार विचारत नाही. आणि त्या रांगेत उभं राहायचं तर दिवस मोडतो, म्हणजे आजार सिद्ध करायला अजून एक खाडा.

विम्यासाठी आमच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापतात. आजारी पडलं तर मजुरीच्या ७० टक्के भत्ता, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. वाचायला गोड आहे. पण पहिल्या दोन दिवसांचं काही मिळत नाही. भत्ता तिसऱ्या दिवसापासून. आमचा शनिवार एका दिवसाचा असतो, तो ह्यात बसणार कसा? वर गिरणीचं हजेरी बक्षीस आहे. महिनाभर एकही खाडा नसेल तर रक्कम मिळते, एक खाडा झाला की सगळी जाते. म्हणून पोरं फुटक्या छातीनं पाळीवर उभी राहतात आणि अर्ध्या पायरीवरून पहिलीवर, पहिलीवरून दुसरीवर चढतात. ह्याला बक्षीस म्हणतात. पगारी रजेचंही तेच. कारखाने कायद्यात वर्षात २४० दिवस भरले तर २० दिवसांमागं एक दिवस रजा होती. नव्या संहितेत २४० चे १८० झाले. चांगलं झालं. पण जो ठेकेदार २४० भरायच्या आत पोरांना ब्रेक द्यायचा, त्याला साठनं कमी मोजायला कितीसा वेळ लागतो?

"बिनभरवशाचे लोक" ही शिवी आजची नाही. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता. रिंगला. साच्यावर का नव्हता? त्याच्या बापाच्या काळात विणाई खातं आमच्या लोकांना बंद होतं. कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. आमच्या ओठाचा बाकीच्यांना विटाळ. जिथं पगार जास्त तिथं आमचं तोंड चालत नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना ठणकावलं, की सगळ्या खात्यांत अस्पृश्यांना काम ही मागणी घ्या, नाहीतर आमचे लोक तुमच्याबरोबर राहणार नाहीत. नाइलाजानं त्यांनी ती घेतली. लाल बावट्याच्या मित्रांनी हे पान फाडू नये.

आजा बदलीवाला म्हणून लागला. बदलीचा पास घेऊन भोंग्याच्या आधी गेटावर उभं राहायचं. आत कुणी आला नसेल तर मुकादम बोट दाखवील त्यानं आत जायचं. बाकीचे चालत घरी. आजा म्हणायचा, "पोरा, कुणाच्या तरी छातीत कळ आली म्हंजी आपली चूल पेटायची." दुसऱ्याच्या खाड्यावर जगणारी फौज गिरणीनं गेटाबाहेर उभी ठेवली होती. म्हणजे माणसं आजारी पडणार हे मालकाला पक्कं ठाऊक होतं, त्याचा बंदोबस्त त्यानं केला होता. फक्त औषधाचा केला नव्हता. आणि आजारी माणसाची जागा आजच्या आज भरता येते म्हणून त्याला हाकलणंही सोपं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा संप सुरू झाला. आजा परत कामावर गेलाच नाही, त्याच्यासारखे हजारो गेले नाहीत. पुढं गिरण्याच बंद पडल्या, चिमण्यांच्या जागी टॉवर आले. माणूस दहा दिवस न सांगता घरी राहिला तर स्थायी आदेशात तो गैरवर्तनाचा गुन्हा. अख्ख्या गिरण्या गैरहजर झाल्या, त्यांना कुणी चार्जशीट दिली? आजा गावी येऊन खोकत राहिला. मेला तेव्हा डॉक्टर म्हणाला, दमा. आज मला कळतं, तो तिसऱ्या पायरीवर होता. मुंबई सुटून वर्षं झाली होती, पण सोमवार सुटला नव्हता.

आता म्हणाल, गिरण्या संपल्या, तू जुनं उगाळतोस. मग बीडला चला. ऊसतोडीचा ठेकेदार नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतो. एक दिवस काम मोडलं तर त्याला खाडाच म्हणतात, आणि त्याचा दंड कापतात. पाळीच्या चार दिवसांत खाडा नको, पोट दुखून खाडा नको, म्हणून बायांनी गर्भाशयाची पिशवी काढून टाकली. २०१९ ला गाजावाजा झाला तेव्हा सरकारनं पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड बायांमध्ये १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हजेरी भरावी म्हणून अंगातला अवयव कापून दिला! ह्या बाया बिनभरवशाच्या? ह्यांच्यावरून तरी ह्या देशातल्या मुकादमांनी गैरहजेरी हा शब्द तोंडातून काढायला नको होता.

दारू पिणारे आमच्यात नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत. माझ्या शेजारीच आहे एक. सुटीच्या रात्री पितो आणि सकाळी उठत नाही. त्याची पाठराखण मी करणार नाही. पण त्याच्या एका बाटलीमागं अकरा माणसांची छाती लपवायची, ही लबाडी चालू देणार नाही. आणि ६ डिसेंबरला दादरला गेलो म्हणून लागलेला खाडा? तो मी अभिमानानं घेतो. सणाला गिरणी बंद असते, तेव्हा कुणाच्या नावापुढं फुली पडत नाही. आमच्या बापाच्या दिवशी पडते.

आता थोडं तुमच्याशी, कार्यकर्त्यांशी. रागावू नका. तुम्हीही आम्हाला दांडीबहाद्दर म्हणता. सभा रात्री नऊला ठेवता आणि रातपाळीवाला आला नाही की म्हणता, ह्याची चळवळीवर निष्ठा नाही. जयंतीला बाबासाहेबांचा फोटो ट्रॅक्टरवर लावता. १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे मंत्री असताना त्यांनी काय केलं ते किती जण सांगाल? आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणले. कारखान्यातल्या मजुराला पगारी सुटी मिळावी म्हणून कायद्यात दुरुस्ती आणली. ते मंत्री असतानाच, १९४४ ला, अडारकरांनी कामगारांच्या आजार विम्याची योजना तयार करून दिली, आणि त्यातून १९४८ चा विमा कायदा आला. आजारी मजुरानं घरी पडून राहणं हा त्याचा हक्क आहे, हे सरकारच्या कागदावर आणणाऱ्यांत आपला बाप होता. आणि त्याची लेकरं फळ्यावर नाव लागलं की मान खाली घालतात. १९३८ ला मनमाडला त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण एकाशी भांडतो आणि दुसऱ्याच्या गेटावर रोज अंगठा लावतो, गुपचूप.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपण आपलं मस्टर ठेवू या. शंभर पानी वही पुरे. नाव, खातं, किती वर्षं, खाड्याची तारीख, वार, छातीला काय झालं. खाडा न करता छाती धरून पाळी भरली असेल तर तेही. मी सुरुवात केलीय. फळ्यावरच्या चौदांपैकी नऊ जणांनी सांगितलंय. नऊपैकी सात ब्लोरूम आणि कार्डिंगचे, आणि सातही जणांचे बहुतेक खाडे शनिवारचे. कायद्याचं शिक्षण घेतलेली पोरं चळवळीत आहेत, डॉक्टर झालेली आहेत. त्यांनी रविवारचा एक तास द्यावा. डॉक्टरांनी दम मोजावा, वकिलांनी अर्ज लिहावा. वही भरली की आपण ती घेऊन विम्याच्या दवाखान्यात जाऊ, कारखाने निरीक्षकाकडं जाऊ, आणि मग टाइम ऑफिसात जाऊन म्हणू, आता तुमचं मस्टर काढा, दोन्ही शेजारी ठेवून वाचू.

साहेबाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. ते ह्या अंकातून देतोय. अंक त्याच्या टेबलावर जाईल ह्याची व्यवस्था केलेली आहे. साहेब, मी सुटीत काही घेत नाही. तुमच्याकडून आठवड्याचे सहा दिवस जे घेतो, ते सातव्या दिवशी जरा उतरतं, आणि आठव्या दिवशी पुन्हा चढतं. माझा खाडा तुमच्या खात्यानं केलाय. फळ्यावर नाव लिहायचं तर तुमचं लिहा.

येत्या शनिवारी मी पाळीवर असेन. वही खिशात असेल.

जय भीम.