रोजची पंधरा मिनिटे नातवंडाची

दिवाळी उरकली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वृद्ध आणि मुलेच अधिक दिसू लागतात. धडधाकट माणसे ‘जगायला’ म्हणून भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघून जातात. शाळेत जाणारे मूल पुष्कळदा आजी-आजोबांपाशी राहते. पुढे महिना-दीड महिन्यात दवाखान्यात एक तक्रार हमखास कानी येते : पोर ऐकत नाही, मारते, चावते, ताट भिरकावते, काही औषध द्या.

अशा वेळी मी आधी मुलाचे कान, पापण्या आणि वजन पाहतो. कमी ऐकू येणारे मूल ‘न ऐकणारे’च वाटते. शरीरात लोह कमी पडले की मूल किरकिरे होते, आणि जंतांच्या खाजेने रात्रीची झोप मोडली तर दिवस धड जात नाही. हे सारे निस्तरल्यावर जे उरते, ते बहुधा दुःख असते. ‘आई होळीला येईल’ याचा अर्थ पाच वर्षांच्या मुलाला लागत नाही. ते आपली व्यथा ताट फेकून सांगते, आणि ताट फेकले की निदान सगळे आपल्याकडे पाहतात, हेही त्याला लवकरच उमगते.

म्हणून औषधाऐवजी मी रोजची पंधरा मिनिटे लिहून देतो. त्या वेळात मुलाबरोबर खेळायचे. मात्र खेळ त्याचा, नियम त्याचे. ‘हा रंग कोणता?’, ‘हे किती झाले?’ असे विचारू नये. त्याने खेळाची परीक्षा होते. ‘तू मोठा दगड खाली ठेवलास, आता लहान वर चढवतोस,’ असे जे दिसेल ते बोलावे. त्याने केले तसेच आपण करावे. किरकोळ खोड्यांकडे काणाडोळा करावा. दगड भिरकावला, तर त्या दिवसाचा खेळ शांतपणे आवरावा. उद्या मात्र पुन्हा खेळावे. ‘नीट वागलास तरच खेळेन’ ही अट नको. जेवणासारखीच ही वेळ त्याच्या हक्काची. या एका मुद्द्यावर वडीलधारी मंडळी माझ्याशी वाद घालतात, आणि मीही हटत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी 1970च्या दशकात हट्टी, आक्रमक मुलांसाठी जी उपचारपद्धती घडवली, तिची पहिली पायरी हीच : शिस्त नंतर, आधी मुलाच्या मागे मागे खेळणे. आपल्या जिल्ह्याला तर खेळाचे मोल परके नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालवाडीचे काम आरंभले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे मुलांच्या हाती दिले आणि पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरवली. तेव्हा खेळणी विकत आणू नका. चिंचोके, गजगे, सागाची पाने पुरेत. गुडघे दुखत असतील तर ओट्यावर बसून खेळावे.

आपल्याकडच्या मुलांना बोहाड्याची सोंगे ठाऊक असतात. एका आजोबांना मी सांगितले, नातू राक्षस होईल तेव्हा तुम्ही खरोखरीचे घाबरा. सागाच्या पानाचा मुखवटा लावून तो डरकाळी फोडी आणि म्हातारबाबा पांघरुणात शिरत. घर सोडून कोण कधी जाणार, यातले काहीच ज्याच्या हाती नाही, त्याला थोडा वेळ तरी सारे आपल्या हाती असल्याचे सुख मिळते. चावणे तीन-चार आठवड्यांत कमी झाले. हट्ट अजून आहे. पहिल्या आठवड्यात दंगा वाढलाही होता, म्हणून पंधरा दिवसांच्या आत हा उपाय सोडू नये.

मूल बोलेनासे झाले, स्वतःला इजा करू लागले, खाणे सोडले किंवा वजन उतरू लागले, तर मात्र खेळावर विसंबू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जव्हारच्या कुटीर रुग्णालयात त्याला दाखवावे.

पावसाआधी आईबाप परततात, तेव्हा काही मुले आईकडे पाठ फिरवतात, तर काही तिचा पदर सोडत नाहीत. दोन्ही स्वाभाविक आहे. आईला रागावू नये, मुलालाही नाही. पंधरा मिनिटांचा तो खेळ तिला शिकवावा आणि आजीने दोन-चार दिवस जवळच बसून राहावे.