साधर्म्याच्या चौकटी

अलंकार शिकवायचे म्हणून आपण फळ्यावर चार रकाने आखतो : उपमेय, उपमान, समान धर्म, साधर्म्यवाचक शब्द. विद्यार्थी ते भरतात, गुण मिळवतात. आता या रकान्यांना बाण, वर्तुळे आणि रंग यांची जोड मिळाली आहे, आणि त्यालाच अध्यापनातली नवी दृष्टी म्हटले जाते. आमचा आक्षेप आकृतीला नाही. आकृतीतून जे वगळले जाते त्याबद्दल आहे.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात विद्यार्थ्यांना उभे करून पाहावे. या चैत्यगृहाच्या छतात लाकडी वाशांसारख्या कमानदार फासळ्या कोरल्या आहेत. म्हणून लोक त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात. रकाने चटकन भरतात : पाषाणाचे छत उपमेय, लाकडी छत उपमान, फासळ्यांची रचना समान धर्म. पण लाकडी छतात वासा भार पेलतो; इथे छत आणि फासळी एकाच खडकाची, पेलायचे काहीच नाही. मग ती कोरली कशासाठी? विचार इथून सुरू होतो, आणि नेमका याच प्रश्नाला तक्त्यात जागा नसते.

कोणी म्हणेल, ज्ञानेश्वरांनीही आकृतीच मांडली. खरे आहे. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे रूपक आहे : षड्दर्शने म्हणजे हात, तर्क म्हणजे परशू, वेदान्त म्हणजे मोदक आणि मोडका दात म्हणजे खंडित झालेले बौद्धमत. विद्यार्थी 'दात – बौद्धमत' अशी जोडी लावून मोकळा होतो. पण त्याच बौद्धमताची बारा लेणी वेरूळला हिंदू आणि जैन लेण्यांच्या शेजारी उभी आहेत, मग 'खंडित' म्हणजे नेमके काय, हे तो कधी विचारणार?

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त उपमेची व्याख्या करताना साधर्म्याबरोबर भेदही सांगितला आहे. आपण साधर्म्य तेवढे घेतले आणि भेद गाळला, कारण भेदाचे उत्तर मार्गदर्शिकेत छापता येत नाही.

म्हणून पाचवा रकाना हवा : 'कुठे जुळत नाही?' तो शिक्षकाने भरून देऊ नये. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांची अडचण होईल, होऊ द्यावी. साम्य तेवढे पाहायला शिकलेला विद्यार्थी उद्या भाषणातले 'राष्ट्र म्हणजे एक कुटुंब' हे रूपक मुकाट्याने मान्य करील. कुटुंबातला कर्ता निवडून येत नसतो, हे त्याच्या तक्त्यात कुठेच लिहिलेले नसेल.