सातबारा नव्या घरी जाताना

खरीप तोंडावर आला की रिसोड, मालेगाव, मानोऱ्याच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा लागतो. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा हा उतारा तलाठ्याच्या दप्तरातून हाताने लिहून मिळत असे. 1 मे 2018 पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

हस्तलिखितातून संगणकात झालेले हे स्थलांतर सोपे नव्हते. हस्तलिखितातले 1.62 हेक्टर संगणकात 1.26 झाले, तर सर्व्हरला त्यात काहीच खटकत नाही. बँकेच्या खिडकीवर मात्र 36 आर जमीन कमी भरते. मग तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज आणि हेलपाटे.

म्हणूनच 2017 चे चावडी वाचन मोलाचे होते. गावासमोर नोंदी वाचल्या गेल्या आणि चुका सांगण्याची संधी खातेदारांना मिळाली.

असे स्थलांतर बँकांनाही जड जाते. एप्रिल 2018 मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने सगळी खाती एकदम नव्या प्रणालीवर हलवली. सुमारे 19 लाख ग्राहकांना आपली खाती वापरता येईनात. 2022 मध्ये याबद्दल नियामकांनी बँकेला 4.86 कोटी पौंडांचा दंड ठोठावला.

सर्व्हर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम पुढेही बदलत राहणार आणि ते बदललेच पाहिजेत. पण दर वेळी जुनी प्रणाली काही काळ सोबत चालू ठेवावी, खातेसंख्या आणि एकूण क्षेत्र दोन्हीकडे जुळवावे, आधी एकाच तालुक्यात चाचणी घ्यावी. आणि खरिपाच्या कर्जवाटपाचे दिवस या कामासाठी कधीही निवडू नयेत.