पेट्रोलचा वास आणि जुनी नळी

घरात गॅसचा वास आला की आपण काय करतो? विजेच्या बटणाला हात लावत नाही, दारे-खिडक्या उघडतो आणि आधी नळी तपासतो. मग गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास आला तर मात्र "जुनी गाडी आहे, वास यायचाच" असे म्हणून का बरे गप्प बसायचे?

मारुती ८०० ही गाडी १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत तयार होत होती. आजही कितीतरी घरांत ती, नाहीतर तिच्याच वयाची दुसरी एखादी गाडी, मुलांना शाळेत सोडायला आणि बाजारहाटाला वापरली जाते. अशी पेट्रोल गाडी तुमच्याकडे असेल तर आजचे हे पान तुमच्यासाठीच आहे. (डिझेलच्या गाडीला ही भानगड नसते.)

टाकीतले पेट्रोल उन्हाने तापले की त्याची वाफ होते. बऱ्याच गाड्यांत ही वाफ एका बारीक रबरी नळीतून कोळशाच्या डबीत जाते. काळ्या प्लॅस्टिकची ही डबी बहुधा इंजिनाच्या जवळपास बसवलेली असते. आतला खास कोळसा वाफ शोषून ठेवतो आणि इंजिन चालू झाले की दुसऱ्या नळीतून ती ओढली जाऊन जळते. पंधरा-वीस वर्षांत रबर कडक होते, भेगाळते. मग वाफ बाहेर पडते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद गॅरेजमध्ये जमिनीलगत साचून राहते आणि एक ठिणगीही तिला पुरते. शिवाय मागच्या सीटवर बसलेल्या मुलांचे डोके दुखते, मळमळते, ते वेगळेच.

आता तुम्ही म्हणाल, "नळी काय, मेकॅनिक बदलून देईल की!" देईल ना. पण "यातून नुसती वाफच तर जाते" असे म्हणून तो हाताशी असेल ती नळी लावून मोकळा होतो. खरी गोम इथेच आहे. रेडिएटरच्या पाण्याची नळी पेट्रोलच्या वाफेने फुगते आणि मऊ पडते. माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी काही दिवसांत कडक होऊन तडकते. सिलिकॉनची नळी दिसायला सुरेख, पण तिच्या अंगातून वाफ झिरपते. वाफेच्या नळीलाही पेट्रोल सोसणारे रबरच हवे.

ते ओळखायचे कसे? शेगडीची नळी घेताना आपण आयएसआयचा शिक्का पाहतो ना, तसेच इथेही नळीच्या अंगावरचे छापील शब्द वाचा. "एसएई ३०आर७" असे छापलेली नळी कार्बुरेटरच्या पेट्रोलला आणि वाफेलाही चालते. "३०आर९" ही त्याहून वरच्या दर्जाची असते. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे आणि जुन्या रबराला ते मानवतेच असे नाही. तेव्हा इथेनॉल चालते का, हेही दुकानदाराला विचारून घ्या. काहीच छापलेले नसेल तर ती नळी स्वस्त असली तरी नको.

नळी बदलून घेताना एवढे पाहा :

- जुना तुकडा नमुन्याला न्या. आतले माप तंतोतंत हवे. सैल नळी क्लिपने आवळून भागत नाही.
- इंजिन पूर्ण थंड असावे, गाडी मोकळ्या हवेत असावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी. जवळपास विडी-सिगारेट नकोच.
- एका वेळी एकच नळी काढावी, म्हणजे अदलाबदल होत नाही.
- नळीला मुरड पडू नये. ती सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाला टेकू नये.
- क्लिपाही नव्या घ्या. त्या रबर कापले जाईल इतक्या आवळू नयेत.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल दाबाने नेणारी नळी निराळी असते. तिला घरी हात लावू नका, ते काम जाणकारालाच द्या.

आणखी एक सवय लावून घ्या. पंपावर नोझल आपोआप बंद झाले की "आणखी थोडे" म्हणू नका. टाकी काठोकाठ भरली तर पेट्रोलच कोळशाच्या डबीत शिरते आणि डबी निकामी होते.

नवी नळी बसवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडून पाहा. वास गेला असेल तर उत्तम. अजून येत असेल किंवा खाली ओले दिसले, तर गाडी सुरू करू नका, दिव्याचे बटणही दाबू नका. दार उघडे ठेवून मेकॅनिकला घरी बोलवा. त्या दिवशी मुले रिक्षाने शाळेत गेली तरी चालतील!