'मे' आणि 'शॅल'

इंग्रजीतील 'कॅन', 'मे', 'शॅल' आणि 'विल' ही साहाय्यक क्रियापदे आमच्या विद्यार्थ्यांस फार छळतात. ह्याचे कारण त्यांच्या आळसात नसून मराठीच्या प्रकृतीत आहे. इंग्रजी जे भेद निरनिराळ्या शब्दांनी दाखवते, त्यांतील कित्येक आपण एकाच रूपात सामावून घेतो आणि उरलेला अर्थ संदर्भावर सोपवतो.

प्रथम 'कॅन' आणि 'मे' घेऊ. 'जाता येते' हे आपले रूप सामर्थ्यही सांगते व परवानगीही. पेडणे तालुक्यातील तेरेखोलचेच उदाहरण पाहावे. गाव गोव्याचे, पण उरलेला गोवा नदीपलीकडे. जमिनीने लागून असलेला शेजार महाराष्ट्राचा. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत, सीमेवर निर्बंध असताना, येथल्या माणसास शेजारच्या तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात पायी जाता येत होते आणि येत नव्हतेही. पायांत बळ होते, म्हणून 'कॅन'. परवाना नव्हता, म्हणून 'मे' नाही. १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवणाऱ्या सत्याग्रहींनी 'मे'ची वाट पाहिली नाही. 'कॅन' तेवढे सिद्ध केले.

'शॅल' व 'विल' ह्यांची गोष्ट अधिक नाजूक. प्रथमपुरुषी 'शॅल', इतरत्र 'विल', म्हणजे साधा भविष्यकाळ. ह्यांची अदलाबदल केली की निश्चय, वचन अथवा आज्ञा, हा शालेय नियम जॉन वॉलिस ह्या पंडिताने १६५३ मधील आपल्या व्याकरणात सांगितला. आज बोलण्यात सर्वत्र 'विल'च ऐकू येते. परंतु कायद्याच्या भाषेत तृतीयपुरुषी 'शॅल' अद्याप आज्ञेच्या आसनावर बसलेला आहे. तेथे 'मे' म्हणजे मुभा, 'शॅल' म्हणजे बंधन. न्यायालये प्रसंगी संदर्भ पाहून 'मे'चा अर्थ 'शॅल' असा लावतात, हे खरे. पण तो अपवाद झाला.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही, ह्याचा दाखला आपल्या संसदेच्या इतिहासात आहे. १९६३ च्या राजभाषा अधिनियमात, १९६५ नंतरही हिंदीच्या जोडीने इंग्रजी वापरता येईल, अशी तरतूद झाली आणि तेथे शब्द योजला 'मे'. 'वापरता येईल' ह्यात 'न वापरताही चालेल' हा अर्थ दडलेला आहे, अशी शंका अहिंदी प्रांतांच्या सभासदांनी घेतली. येथे 'मे'चा अर्थ 'शॅल' असाच समजावा, असा निर्वाळा पंडित नेहरूंनी दिला. तसे असेल तर 'शॅल'च का लिहू नये, हा प्रतिप्रश्न व्याकरणदृष्ट्या बिनतोड होता. मे १९६४ मध्ये नेहरू निवर्तले. निर्वाळा देणारा गेला. कागदावर 'मे' तेवढा राहिला. १९६५ च्या आरंभी मद्रास प्रांतात भाषेवरून मोठा वणवा पेटला, त्यात माणसे दगावली. अखेर १९६७ च्या दुरुस्तीने अहिंदी राज्यांशी होणाऱ्या केंद्राच्या पत्रव्यवहारासाठी आणि अनेक सरकारी कागदपत्रांसाठी 'शॅल' दाखल झाला. हिंदी न स्वीकारलेल्या सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावाचून ही व्यवस्था मोडू नये, असेही ठरले.

महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांस ह्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे, तो 'शॅल'ने. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेल्या ३५०-अ ह्या अनुच्छेदात, अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यासंबंधी राज्यांना सांगितले आहे. तेथेही 'शॅल' आहे. मात्र त्याचा भार 'प्रयत्न करण्यावर' आहे, फळावर नाही. राज्याने प्रयत्न केलाच पाहिजे. वर्ग निघालाच पाहिजे, असे ते वाक्य म्हणत नाही. आमच्या गोव्यातील १९८७ च्या राजभाषा कायद्यातही कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापर 'सर्व अथवा कोणत्याही' शासकीय कामांसाठी सांगितला गेला. 'सर्व' आणि 'कोणत्याही' ह्यांच्यामध्ये बसलेला तो लहानसा 'अथवा' किती जागा अडवतो, हे सुज्ञांनी ताडावे.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी, की मुलांच्या मराठी वर्गासाठी अर्ज कराल, तेव्हा येणारे उत्तर नीट वाचा. 'विचार करता येईल' आणि 'वर्ग सुरू केला जाईल' ही दोन्ही वाक्ये ऐकायला सारखीच गोड लागतात. पहिल्याने समाधान मानून घरी परतणारा मनुष्य पुढच्या जूनमध्येही अर्जच लिहीत बसतो. उत्तर इंग्रजीत असेल, तर 'मे' खाली एक रेघ ओढावी आणि 'शॅल' केव्हा येणार, असे नम्रपणे परंतु लेखी विचारावे. मुलांस ही क्रियापदे शिकवताना हा व्यवहारही शिकवला, तर व्याकरणाचा तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.